डिचोलीची लढाई

मंडळी, आज एका युद्धाची गोष्ट. माझ्या मूर्खपणाचीही आहे, पण ती ओघात येईलच.

साल २००९. आमच्या ऑफिसात तेव्हा १ मेच्या आसपास एक छोटीशी क्विझ व्हायची. "तुला इतिहासाची आवड आहे ना, मग तूच काढ प्रश्न" असं म्हणून ते काम दर वर्षी माझ्या गळ्यात पडायचं. मीही नाही म्हणायचो नाही. आदल्या रात्री जेवण झालं की लॅपटॉप उघडायचा, विकीपीडियावर या पानावरून त्या पानावर उड्या मारायच्या आणि दोन-तीन तासांत तीस प्रश्न तयार! त्यातला त्या वर्षीचा सतरावा प्रश्न मला अजून आठवतो. "१६४० ते १६४१ या काळात गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात झालेला संघर्ष कोणत्या गावाच्या नावाने ओळखला जातो?"

कुणालाच आला नाही. मी विजयी मुद्रेने उत्तर सांगितलं, "डिचोली!"

गंमत म्हणजे आमच्या टीममध्ये एक अस्सल डिचोलीकर होता. तो म्हणाला, "आमच्या गावात लढाई? मला तर कोणी कधी सांगितलं नाही रे. आणि पोर्तुगीज आमच्याकडे खूप नंतर आले. आम्ही नव्या काबिजादीतले."

मी म्हटलं, "अरे, विकीवर आहे. भलामोठा लेख आहे, खाली संदर्भ आहेत."

"असेल बुवा," म्हणून तो गप्प बसला. टाळ्या वाजल्या, पुढचा प्रश्न आला, नंतर समोसे आले. विषय संपला.

तर झालं असं की जानेवारी २०१३मध्ये नेटवर एक बातमी फिरायला लागली. इंग्रजी विकीपीडियावर पाच वर्षांहून जास्त काळ नांदत असलेला एक लेख नुकताच काढून टाकला होता, कारण त्यातलं युद्ध कधी झालंच नव्हतं. लेखाचं नाव 'बिचोलिम संघर्ष'. बिचोलिम म्हणजे आपली डिचोली.

वाचून आधी हसू आलं. मग क्विझ आठवली, आणि मग तो मित्र आठवला.

काय होता हा लेख?

जुलै २००७मध्ये कुणीतरी टोपणनावाने हा लेख चढवला. लांबी साधारण साडेचार हजार शब्द. म्हणजे कुणीतरी बसून, वेळ काढून, मन लावून ही थाप रचली होती. १६४०च्या मध्यापासून १६४१च्या सुरुवातीपर्यंत पोर्तुगीज आणि 'मराठा साम्राज्य' यांच्यात लढाया झाल्या, शेवटी तह झाला, असा सगळा मजकूर. खाली तळटीपा, पुस्तकांची नावं, पानांचे आकडे, सगळं अगदी पद्धतशीर.

दोनच महिन्यांत, सप्टेंबर २००७मध्ये, या लेखाला विकीपीडियाचा 'चांगला लेख' हा दर्जा मिळाला. हा दर्जा इंग्रजी विकीवरच्या शंभरातल्या एका लेखालाही मिळत नाही. त्याच्याही वरच्या, 'विशेष लेख' या दर्जासाठी नाव गेलं, तेव्हा मात्र नकार आला. कारण काय, तर लेखाची भिस्त मोजक्याच पुस्तकांवर आहे. आता बघा, संदर्भ मोजणारे भेटले, पण संदर्भ उघडून बघणारा काही भेटला नाही. तो भेटला डिसेंबर २०१२मध्ये. एका संपादकाने ती पुस्तकं शोधायला घेतली आणि त्याच्या लक्षात आलं की ज्या पुस्तकावर लेखाचा सगळा डोलारा उभा आहे ते पुस्तकच अस्तित्वात नाही. मग पान उडालं.

आता जरा तारखा लावून पाहू

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढे आहे. ही थाप पकडायला इतिहासकार असायची गरजच नव्हती. चौथीचं इतिहासाचं पुस्तक पुरेसं होतं.

शिवाजीमहाराजांचा जन्म १६३०चा. म्हणजे १६४० साली महाराज दहा वर्षांचे. शहाजीराजे १६३६पासून आदिलशाहीच्या चाकरीत, आणि तेव्हा दूर कर्नाटकात. राज्याभिषेक १६७४चा. मग १६४०मध्ये पोर्तुगीजांशी लढणारं हे 'मराठा साम्राज्य' आलं कुठून? टाइम मशीनमधून?

बरं, डिचोली तरी कुणाची होती? पोर्तुगीजांची नव्हतीच. १५१०मध्ये आल्बुकर्कने गोवा जिंकला, पण पोर्तुगीजांचा गोवा म्हणजे दीर्घकाळ फक्त तिसवाडी, बारदेश आणि साष्टी एवढाच होता. डिचोली त्या वेळी आदिलशाहीत. ती पोर्तुगीजांच्या हाती कायमची गेली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. माझा मित्र "नव्या काबिजादीतले" म्हणाला ते याच अर्थाने. म्हणजे त्याचं बरोबर होतं, शंभर टक्के बरोबर होतं!

आणि १६४०मध्ये खुद्द पोर्तुगीज कशात अडकले होते? डच आरमार गोव्याच्या तोंडाशी येऊन नाकेबंदी करत होतं. १ डिसेंबर १६४० रोजी लिस्बनमध्ये उठाव होऊन पोर्तुगाल स्पेनच्या राजापासून वेगळा झाला. जानेवारी १६४१मध्ये मलाक्का डचांनी घेतलं. अशा वेळी डिचोलीच्या जंगलात जाऊन नवं युद्ध उकरून काढायला त्यांना सवड कुठून असणार?

आणि खरी डिचोली खोट्या डिचोलीपेक्षा कितीतरी रंगतदार आहे हो. नोव्हेंबर १६६७मध्ये महाराजांच्या फौजेने बारदेशवर स्वारी केली. १६६८मध्ये महाराजांनी डिचोली तालुक्यातल्याच नार्वे गावी सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. ते देऊळ आजही आहे, जाऊन बघता येतं. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर १६८३च्या सुमाराला डिचोलीत मुक्कामाला होता. आणि त्याच वर्षी पोर्तुगीज विजरईने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा संभाजीराजांनी त्याला असं पळवून लावलं की गोवा शहरच जातंय की काय, असं झालं. एवढा ऐवज पडलेला असताना कुणीतरी थाप रचतो, आणि आपण तीच उचलतो. मी उचलली.

पण मग ही थाप पास कशी झाली?

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे उत्तर लगेच कळेल. दहा ओळींचा कोड रिव्ह्यूला टाका, पंधरा कमेंट येतात. स्पेस दे, नाव बदल, इथे कॉन्स्टंट वापर. दोन हजार ओळींचा टाका, वर नीट हेडर लिहा, फॉरमॅटिंग झकास ठेवा. अर्ध्या तासात 'लुक्स गुड टू मी' येतं. मी स्वतः असे रिव्ह्यू केलेत. (शुक्रवारी संध्याकाळी तर हमखास.)

डिचोलीच्या लेखाचं नेमकं हेच झालं. 'चांगला लेख' हा दर्जा द्यायला तेव्हाही एकच परीक्षक लागायचा. त्याने काय पाहिलं असेल? भाषा शुद्ध आहे, रचना नीट आहे, तळटीपा जागच्या जागी आहेत, सूर निःपक्षपाती आहे. म्हणजे लेखाचा गणवेश पाहिला. आत माणूस आहे की बुजगावणं, ते कुणी पाहिलं नाही. विकीपीडियाचा नियम असा की लेखातली गोष्ट 'पडताळण्याजोगी' हवी. नियम चांगला आहे. पण पडताळण्याजोगी असणं वेगळं आणि कुणीतरी पडताळून पाहणं वेगळं. या दोन्हींच्या फटीत डिचोलीची लढाई पाच वर्षं सुखाने राहिली.

म्हणजे विकीपीडिया टाकाऊ का?

नाही, आणि हे मी फॅन आहे म्हणून म्हणत नाही. जरा मागे जाऊ.

२००० साली जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी 'नूपीडिया' नावाचा ऑनलाइन कोश काढला होता. त्यात लेख लिहायचे ते तज्ज्ञांनी, आणि प्रत्येक लेख सात पायऱ्यांच्या तपासणीतून जायचा. अगदी आदर्श व्यवस्था. २००३मध्ये तो बंद पडला तोवर तयार झालेले लेख किती? जेमतेम पंचवीसच्या आसपास! त्याला कच्चा माल मिळावा म्हणून १५ जानेवारी २००१ला बाजूला एक 'कुणीही लिहा' प्रकारचं पान सुरू केलं. तोच विकीपीडिया. पहिल्या वर्षातच लेखांची संख्या हजारोंत गेली आणि मूळ प्रकल्प मागेच राहिला. थोडक्यात काय, तर आधी तपासून मग छापायचं म्हटलं तर कोशच होत नव्हता. आधी छापा, मग तपासत राहा, या उलट्या क्रमाने तो झाला.

आणि तो वाटला तितका वाईटही निघाला नाही. डिसेंबर २००५मध्ये 'नेचर' या नियतकालिकाने विज्ञानाच्या विषयांवरचे विकीपीडिया आणि ब्रिटानिका यांचे लेख, कोणता कुठला हे न सांगता, तज्ज्ञांकडून तपासून घेतले. ४२ विषयांचे निकाल हाती आले. विकीपीडियात १६२ चुका, ब्रिटानिकात १२३. म्हणजे लेखामागे सरासरी चार विरुद्ध तीन. गंभीर चुका दोन्हीकडे चार-चार! ब्रिटानिकावाले भयंकर चिडले. मार्च २००६मध्ये त्यांनी लांबलचक उत्तर देऊन हा अभ्यासच सदोष आहे म्हणून सांगितलं. 'नेचर'ने निकाल मागे घेतला नाही.

हा निकाल आम्ही त्या काळी झेंड्यासारखा मिरवायचो. पण त्यात एक गोम होती, ती मला डिचोलीनंतर कळली. 'नेचर'ने तपासलेले विषय जगभरच्या विज्ञानवाल्यांच्या रोजच्या राबत्यातले. तिथे चुकीचं काही लिहिलं तर कुणीतरी जाणकार आज ना उद्या त्या पानावर येणारच. डिचोलीच्या पानावर कोण येणार होतं?

दुखलं कुणाला?

त्याच २००५ सालातली दुसरी गोष्ट बघा. अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार जॉन सीगेनथेलर, एके काळचे रॉबर्ट केनेडींचे सहायक. मे २००५मध्ये कुणीतरी त्यांच्या विकी पानावर लिहून ठेवलं की दोन्ही केनेडी बंधूंच्या खुनात त्यांचा हात असल्याचा संशय होता. ज्या माणसाने रॉबर्ट केनेडींच्या शवपेटीला खांदा दिला, त्याच्याबद्दल हे! मजकूर चार महिने तसाच राहिला. मग त्यांना कळलं आणि तो निघाला. २९ नोव्हेंबर २००५ला त्यांनी 'यूएसए टुडे'त जळजळीत लेख लिहिला, आणि पुढच्याच महिन्यात इंग्रजी विकीपीडियाने नोंदणी न केलेल्यांना नवीन पान तयार करायला बंदी घातली. हयात माणसांच्या चरित्रांसाठीचे कडक नियमही याच प्रकरणानंतर आले.

चार महिने विरुद्ध पाच वर्षं. फरक काय? तिथे दुखणारा एक जिवंत माणूस होता आणि तो ओरडला. १६४० सालच्या न झालेल्या लढाईत न मेलेले सैनिक ओरडणार कसे?

ओपन सोर्सवाल्यांची एक लाडकी श्रद्धा आहे. कोड सगळ्यांसमोर उघडा असला, बघणारे डोळे भरपूर असले, की बग लपत नाही. मीही हे वर्षानुवर्षं लोकांना ऐकवलंय. पण एप्रिल २०१४मध्ये 'हार्टब्लीड' निघाला. ओपनएसएसएल या अर्ध्या जगाच्या सर्व्हरवर चालणाऱ्या, पूर्णपणे खुल्या कोडमधला बग. मार्च २०१२च्या आवृत्तीपासून तो त्यात होता. दोन वर्षं! कोड उघडा होता, पण वाचत कोण होतं? दार उघडं आहे म्हणून घरात माणसं आहेत असं होत नाही.

आणि जिथे माणसंच कमी आहेत तिथे?

पुढची दोन उदाहरणं मला जास्त घाबरवतात.

२०२२मध्ये चिनी विकीपीडियावर उघड झालं की एकाच लेखिकेने मध्ययुगीन रशियाच्या इतिहासावर दोनशेहून जास्त लेख लिहिले होते, आणि त्यातला बराच मजकूर मनचा होता. काशिन नावाची चांदीची खाण, तिच्यासाठी झालेल्या लढाया, राजे, सरदार, सगळं. संदर्भ रशियन पुस्तकांचे. चिनी वाचणाऱ्यांना रशियन येत नव्हतं आणि रशियन वाचणारे चिनी विकीवर फिरकत नव्हते. पकडलं कुणी? कादंबरीसाठी माहिती शोधणाऱ्या एका चिनी लेखकाने. लेखात त्याला रस होता म्हणून तो खोलात गेला.

त्याआधी, ऑगस्ट २०२०मध्ये, स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेच्या विकीपीडियाची गोष्ट बाहेर आली. तिथले वीस हजारांहून जास्त लेख एका अमेरिकन मुलाने लिहिले किंवा बदलले होते. त्याने सुरुवात केली तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला ती भाषा येतच नव्हती. इंग्रजी शब्द शब्दकोशातून बदलून टाकायचे, की झाली स्कॉट्स! मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला मदतच करायची होती. पण सात-आठ वर्षं त्या भाषेच्या एकाही माणसाने आरडाओरडा करून ते थांबवलं नाही.

आता जरा आपल्याकडे वळू. मराठी विकीपीडिया १ मे २००३ला सुरू झाला. खरं सांगा, तुम्ही त्यावर शेवटचं कधी गेला होतात? गेलात तर चूक दिसली? दिसली तर दुरुस्त केली? माझी तिन्ही उत्तरं बरीच वर्षं लाजिरवाणी होती. आपल्याला गोव्याबद्दल काही हवं असलं तरी आपण इंग्रजी पान उघडतो आणि तिथे जे लिहिलंय ते निमूटपणे घेतो. आणि आता तर प्रश्न विचारला की मशीनच उत्तर लिहून देतं, आणि त्या मशीनच्या शिकवणीत विकीपीडियाची पानं भरपूर असतात. म्हणजे एका पानावरची थाप आता त्या पानावर राहणार नाही. ती कुठलाही संदर्भ न देता, गोड भाषेत, थेट तुमच्या मुलाच्या प्रोजेक्टमध्ये उतरेल.

जास्त वाईट याचं वाटतं की कागद तपासायची परंपरा आपल्याला नवी नाही. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुनी दप्तरं गोळा करत हिंडले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८चा, पुढे बावीस खंड झाले. बखरीत लिहिलंय म्हणून खरं नाही, अस्सल कागद दाखवा, हा त्यांचा हट्ट. गोव्यात डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य पुराभिलेखागारात घालवून पोर्तुगीज कागदपत्रांवरून 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हे पुस्तक सिद्ध केलं. नेमका तोच विषय! ते पुस्तक वाचलेला एक माणूस जरी त्या पानावर गेला असता तरी त्याला पहिल्या परिच्छेदात शंका आली असती. गेला असेलही कुणी. कदाचित तोही "असेल बुवा" म्हणून परत आला असेल.

विश्वासार्हता म्हणजे चुकांचा आकडा असं मी आधी समजत होतो. आता तसं वाटत नाही. खुला कोश विश्वासार्ह आहे की नाही, हा प्रश्न अख्ख्या कोशाला विचारून उपयोग नाही. तो एकेका पानाला विचारावा लागतो. ज्याला हे माहीत आहे असा माणूस इथे येऊन गेला आहे का? आला असेल तर पान चांगलं. नसेल तर तळटीपांची नुसती रांगोळी.

बरं, करायचं काय? मी दोन साध्या सवयी लावून घेतल्यात. एक, पानाचा 'इतिहास' हा टॅब उघडायचा. सगळा मजकूर एकाच टोपणनावाने एका रात्रीत चढवलेला असेल आणि नंतर लोकांनी फक्त स्वल्पविराम दुरुस्त केले असतील, तर सावध. दोन, मुख्य संदर्भ एक तरी शोधून पाहायचा. वाचायलाच हवा असं नाही, तो आहे एवढं तरी बघायचं. डिचोलीच्या लेखाला एवढंच पुरलं असतं.

आणि तिसरी गोष्ट, जी सवय म्हणून लागायला जड जातेय. आपल्याला जे पक्कं माहीत आहे, आपलं गाव, आपला विषय, आपला धंदा, त्याचं पान उघडून बघायचं आणि चूक दिसली तर तिथल्या तिथे सुधारायची. हे काम दुसरं कुणी करणार नाही. डिचोलीबद्दल डिचोलीकरापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?

बातमी वाचली त्या दिवशी मी त्या मित्राला फोन केला होता. एव्हाना त्याने कंपनी बदलली होती. म्हटलं, "सतरावा प्रश्न आठवतो? तू बरोबर होतास." तो खदाखदा हसला. मग म्हणाला, "मला तेव्हाच माहीत होतं रे. पण तू एवढ्या खात्रीने बोलत होतास, मला वाटलं माझंच काहीतरी चुकत असेल."

ते वाक्य मला अजून टोचतं. त्या दिवशी क्विझमध्ये बसलेल्या तीस-चाळीस जणांत खरं माहीत असलेला माणूस एकच होता, आणि त्याला मी संदर्भ दाखवून गप्प केलं.

असो. क्विझचा निकाल आता बदलता येत नाही, पण पान बदलता येतं. तुमच्या गावाचं पान आज उघडून बघाच.

चूकभूल द्यावी घ्यावी. आणि हो, माझ्या तारखाही तपासून घ्या!